तीन रात्री भिजवायचं, की एक?

मैत्रिणींनो, साबुदाणा आपल्या सगळ्यांच्या घरात असतो. आषाढी-कार्तिकीला, चतुर्थीला, नवरात्रात तो किलोकिलोनं संपतो. खिचडी मोकळी होण्यासाठी पाणी किती घालावं, यावर आपण तासभर वाद घालू शकतो. पण हा साबुदाणा मुळात असतो कशाचा, असं कुणी विचारलं तर निम्म्याजणी "कसल्यातरी झाडाचा" असं म्हणून मोकळ्या होतील. तामिळनाडूत सेलमच्या आसपास तो एका कंदापासून तयार होतो. या कंदाला इंग्रजीत टॅपिओका म्हणतात, केरळात कप्पा म्हणतात आणि आफ्रिकेत कसावा किंवा मॅनिऑक. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो आफ्रिकेत नेला आणि तिथे तो असा काही रुजला, की आज मध्य आफ्रिकेत कोट्यवधी माणसांचं रोजचं जेवण म्हणजे कसावाच. आपल्याकडे जशी भाकरी, तसा तिकडे कसावाच्या पिठाचा घट्ट गोळा, फुफू.

आज या कंदाबद्दल लिहायचं आहे, पण पाककृती म्हणून नव्हे. या कंदात विष असतं. कडू जातीच्या कसावात तर चांगलंच असतं. कंद किसला, कुटला, भिजवला की त्यातून सायनाइड सुटतं. (घाबरू नका, साबुदाण्यात ते राहत नाही. कंदाचा कीस करून, त्यातलं पिष्ट पाण्यात धुऊन, निवळून, मग दाणे भाजले जातात. विष त्या पाण्याबरोबर आणि वाफेबरोबर निघून जातं.) मग असा कडू कंद लावायचाच कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण तो दुष्काळात तगतो, हलक्या जमिनीत येतो, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत आणि चोरही सहसा उपटून नेत नाहीत. गरिबाला याहून जास्त काय हवं?

पाय बांधल्यासारखे

काँगो देशाच्या नैर्ऋत्येला क्वांगो नावाचा प्रदेश आहे. (मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. आमच्या वर्गातल्या भिंतीवरच्या जुन्या नकाशात या देशाचं नाव अजून 'झाईर' असंच आहे. ते नाव १९९७ साली गेलं.) तिथल्या याका लोकांच्या भाषेत एका आजाराला 'कोंझो' म्हणतात. अर्थ असा, की पाय बांधले गेलेले. १९३८ साली जी. त्रोली या इटालियन डॉक्टरनं त्याचं पहिलं वर्णन लिहिलं.

आजार असा: काल धडधाकट असलेली बाई आज सकाळी उठते आणि तिचे दोन्ही पाय ताठरलेले असतात. कधी काही मिनिटांत, कधी दोन-चार दिवसांत हे होतं. ताप असेलच असं नाही. पाय लुळे पडत नाहीत, उलट आखडतात, एकमेकांवर कात्रीसारखे येतात. टाचा टेकत नाहीत. काहीजणी चवड्यांवर कशाबशा चालतात, काहींना एक काठी लागते, काहींना दोन. ज्यांना फारच झालं, त्या हातांवर सरपटतात. आजार पुढे वाढत नाही, पण बराही होत नाही. जन्मभर तसाच राहतो. औषध नाही.

आणि तो होतो कुणाला? तीन वर्षांच्या पुढच्या मुलांना आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सगळ्यांत जास्त. अंगावर पिणारी बाळं सुटतात. पुरुषांना कमी होतो. घरात कर्त्या बाईलाच झाला, तर पाणी कुणी आणायचं, शेत कुणी बघायचं? तिकडे कसावाची लागवड, काढणी, सोलणं, भिजवणं, कुटणं हे सगळं बायकांचंच काम. गावातले लोक म्हणत, कुणीतरी करणी केली. आपल्याकडेही काही वेगळं म्हणाले नसते.

१९८१ साली मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळ पडला आणि एकाएकी अकराशेच्या आसपास माणसांचे पाय असे आखडले. पोलिओ असेल, एखादा नवा विषाणू असेल, असे तर्क झाले. तिथे लाखो लोकांमागे एक-दोन डॉक्टर. त्यांत हान्स रोस्लिंग हे स्वीडनचे तरुण डॉक्टर होते. (पुढे जगाच्या आकडेवारीवरच्या भाषणांमुळे ते प्रसिद्ध झाले आणि २०१७ साली वारले.) जूली क्लिफ या ऑस्ट्रेलियन डॉक्टरबाईंनीही या साथीवर काम केलं. उत्तर शेवटी स्वयंपाकघरात सापडलं. दुसरं पीक जळून गेलं होतं, उरला फक्त कडू कसावा. पोरं भुकेली, म्हणून तो नीट वाळेपर्यंत थांबायला कुणाला सवड नव्हती.

शरीराला थोडंफार सायनाइड निकामी करता येतं. पण त्यासाठी गंधक असलेली प्रथिनं लागतात, म्हणजे मासे, अंडी, कडधान्यं. रोज नुसता कसावाच खाल्ला, तर विष जास्त आणि ते निकामी करायला लागणारा माल कमी. केरळात कप्पा उकडून पाणी ओतून देतात आणि मासळीच्या कालवणाबरोबर खातात. तिथे कोंझो नाही. कुणा शास्त्रज्ञानं सांगितलं म्हणून तिथल्या बायका मासळी वाढत नव्हत्या, पण ताटातली जोडी बरोबर जमली होती.

डांबरी सडक आली आणि...

आता मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट सांगते. काँगोमधल्या बांदुंदू भागात बायका पूर्वापार कंद सोलून ओढ्यात तीन रात्री भिजत ठेवत. मग उन्हात वाळवून कुटत. तीन रात्रींत विष जवळपास सगळं उतरतं. मग राजधानी किन्शासाकडे जाणारी डांबरी सडक झाली. ट्रक येऊ लागले, व्यापारी येऊ लागले. कसावाला रोख पैसे मिळू लागले. माल लवकर हवा, म्हणून भिजवणं तीन रात्रींवरून एका रात्रीवर आलं. त्याच गावांत कोंझो वाढला. थोरकिल्ड टिल्लेस्केर, काँगोचे बानेआ, रोस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गावोगाव फिरून, बायकांना विचारून, पीठ तपासून नोंदलं. १९९२ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

यात त्या बायकांचा आळस होता असं कुणी म्हटलं, तर मला राग येतो. मुलांच्या औषधाला, फीला, मिठाला पैसे लागतात. हातात रोख येण्याची ती एकच वाट होती. घाईच्या दिवशी आपणही डाळ न भिजवता कुकरला लावतोच की! आपल्याला त्याची शिक्षा म्हणून जन्माचं अपंगत्व येत नाही, एवढाच फरक.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं शोधायला पैसे कुठून आले? माझा आजचा विषय खरा हाच आहे. डॉक्टर औषध देतो हे आपल्याला कळतं. पण डॉक्टर महिनोन् महिने गावात राहून "किती रात्री भिजवता?" असं विचारत फिरतो, लघवीचे नमुने बाटल्यांत भरतो, जीपला डिझेल घालतो, दुभाष्याला मजुरी देतो, याचा खर्च कोण देणार? रुग्ण देणार नाही, त्याच्याकडे काठी घ्यायलाही पैसे नसतात. सरकारी इस्पितळाकडे सलाइनच्या बाटल्या पुरेशा नसतात. अशा कामाला लागतं ते संशोधन-अनुदान.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली दिलेला हिशेब असा: मेंदू आणि मज्जासंस्थेचे तज्ज्ञ, त्यात शस्त्रक्रिया करणारेही धरून, श्रीमंत देशांत दहा लाख लोकांमागे ७१. सर्वांत गरीब देशांत दहा लाखांमागे एक. तो एक जर दिवसभर बाह्यरुग्ण विभागात बसला, तर साथ का आली हे शोधणार कोण? आणि संशोधन करायला तो परदेशी गेला आणि तिकडेच राहिला, तर तो एकही गेला. म्हणून शिक्षण नुकतंच संपलेल्या, अजून नाव न झालेल्या डॉक्टरांना त्यांच्याच देशात काम करता यावं, यासाठी वेगळी अनुदानं निघाली.

देझिरे त्शाला-कातुम्बाय हे अशा वाटेनं गेलेले काँगोचे मेंदूविकारतज्ज्ञ. किन्शासाला शिकले. तरुणपणी स्वीडिश गटाबरोबर काम करून त्यांनी कोंझोच्या रुग्णांच्या मेंदूपासून पायापर्यंतचा मार्ग विद्युत आणि चुंबकीय लहरींनी तपासला. मेंदूकडून हालचालीचा निरोप नेणाऱ्या तंतूंना कुठे इजा होते, हे त्यातून कळू लागलं. पुढे ते अमेरिकेत ऑरेगनच्या आरोग्य विद्यापीठात गेले. त्यांनी काँगो मात्र सोडलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडून अनुदान मिळवून ते अंगोलाच्या सीमेजवळच्या काहेम्बा गावी परत परत जात राहिले.

तिथे त्यांनी मायकेल बोइव्हिन या मानसशास्त्रज्ञांबरोबर मुलांच्या चाचण्या घेतल्या. पायांच्या नाही, बुद्धीच्या. ठोकळे लावणं, आठवून सांगणं, हातानं काम करणं. कोंझो झालेली मुलं मागे पडली. हे एक वेळ अपेक्षित होतं. पण त्याच गावातली, ज्यांचे पाय अगदी ठणठणीत होते अशी मुलंसुद्धा, कोंझो नसलेल्या भागातल्या मुलांपेक्षा काही चाचण्यांत मागे होती. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे पाय आखडलेलं मूल दिसतं तरी. बाकीच्यांचं नुकसान कुणाला दिसतही नव्हतं. शिक्षिका म्हणून मला हे वाचून कसंतरीच झालं. वर्गात एखादं मूल 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेलं असतं, त्याच्या ताटात काय असतं हे आपण विचारतो का?

पिठावरचा उपाय

उपाय सापडला तो मात्र आपल्या कुणाच्याही स्वयंपाकघरात करता येईल इतका सोपा. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी तो काढला. कसावाचं पीठ भांड्यात घ्यायचं. पीठ जिथपर्यंत आलं तिथे भांड्याला आतून खूण करायची. मग पाणी घालत कालवायचं. पीठ आधी खाली बसतं, मग हळूहळू वर येतं. खुणेपर्यंत आलं की पाणी पुरे. हे ओलं पीठ चटईवर एक सेंटिमीटरपेक्षा जाड नाही असं पातळ पसरायचं. उन्हात दोन तास, सावलीत पाच तास. विषारी वायू उडून जातो. त्याच दिवशी त्याचा फुफू करायचा. ना वजन, ना माप, ना अक्षर ओळखायची गरज.

ब्रॅडबरींनीच पिठातलं विष मोजायला पिवळ्या कागदाच्या पट्ट्या तयार केल्या. विष असलं की पट्टी तपकिरी होते. गरीब देशांतल्या कामकऱ्यांना या पेट्या ते फुकट पाठवत. २०१०-११ साली काँगोच्या पोपोकाबाका विभागातल्या काई कालेंगे या गावात बानेआ आणि त्यांच्या मंडळींनी बायकांना ही पद्धत शिकवली. त्यांनी ती एकमेकींना शिकवली. त्या मुदतीत गावात कोंझोचा नवा रुग्ण निघाला नाही. शेजारच्या गावांतल्या बायका आपणहून विचारायला लागल्या. मला विचाराल तर त्या बायकांनी ही पद्धत उचलली, याचं कारण ती त्यांच्या कामात बसते. तीन रात्री ओढ्यावर राखण करण्यापेक्षा दोन तास अंगणात पीठ पसरणं परवडतं. चवही बिघडत नाही, कडवटपणा गेल्यानं उलट सुधारते.

आपल्याकडे अगदी असाच आजार आहे, हे सांगायला हवं. लाख किंवा लाखोळीची डाळ विदर्भातल्या मैत्रिणींना माहीत असेल, भंडारा-गोंदियाकडे ती पिकते. मध्य प्रदेशात तिला खेसारी किंवा तिवडा म्हणतात. तीही दुष्काळात तगणारी. महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली, तर पाय असेच आखडतात. कर्नल स्लीमन यांनी सागर भागातल्या अशा साथीबद्दल १८४४ साली लिहून ठेवलं. रेवा भागात जमीनदार वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ देत. तिच्यातलं विष शोधून काढलं ते १९६४ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं, की विष बरंच कमी होतं. म्हणजे पुन्हा भिजवणंच!

पैसा देणारे काय मागतात

अमेरिकेत फोगार्टी आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. राष्ट्रीय आरोग्य संस्थांचाच तो भाग, स्थापना १९६८ सालची. ज्यांचं नाव दिलं ते जॉन फोगार्टी संसदेत जाण्यापूर्वी गवंडीकाम करत. मेंदूच्या विकारांसाठी या केंद्रानं २००३ पासून श्रीमंत आणि गरीब देशांतल्या संस्थांनी जोडीनं करायच्या कामांना अनुदानं दिली. शिवाय कमी उत्पन्नाच्या देशांतल्या उमेदवारीतल्या संशोधकांसाठी त्यांनी एक वेगळं अनुदान काढलं. त्यातली एक अट मला फार आवडली. अर्जदारानं स्वतःच्या देशातल्या संस्थेत नोकरीला असलं पाहिजे आणि त्या संस्थेनं लिहून दिलं पाहिजे, की याचा शंभरातला पंचाहत्तर टक्के वेळ आम्ही या कामासाठी मोकळा ठेवू. दोन मार्गदर्शक हवेत, एक अमेरिकेतला आणि एक मायदेशातला.

वेळ लेखी मागायचा! घर सांभाळून बी.एड. किंवा एम.ए. केलेल्या माझ्या मैत्रिणींना याचा अर्थ समजावून सांगायला नको. "कर की अभ्यास, कोण नाही म्हणतंय?" असं सगळे म्हणतात, पण संध्याकाळच्या पोळ्या कोण करणार ते कुणी बोलत नाही. तरुण डॉक्टरचंही तसंच होतं. "कर की संशोधन" म्हणायचं आणि रात्रपाळ्या सगळ्या त्याच्याच नावावर लावायच्या.

आपल्या देशात भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ साली इंडिया अलायन्स सुरू केली. डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधकांसाठी तिच्या वेगळ्या अधिछात्रवृत्त्या निघाल्या. अट हीच, की काम भारतात करायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही आहेच.

या पैशाचं एक दुखणंही आहे. तो परक्या देशाच्या तिजोरीतून येत असेल, तर तिथलं वारं फिरलं की इथली बाटली रिकामी. १ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी जाहीर केलं, की अमेरिकन विद्यापीठांमार्फत परदेशी संस्थांना पोट-अनुदान देण्याची जुनी पद्धत बंद, आणि नवी पद्धत बसेपर्यंत तशी अनुदानं द्यायची नाहीत. हिशेब नीट दिसावेत हे कारण दिलं गेलं. कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं ज्या मुलांच्या चाचण्या घ्यायच्या असतात, त्यांचं वय काही कुणासाठी थांबत नाही. एक वर्ष हुकलं की ती नोंद कायमची गेली.

आता थोडं आपल्या घरांविषयी. आपल्या शहरांत डॉक्टर मुली आणि डॉक्टर सुना पुष्कळ झाल्या आहेत. त्यातली एखादी मज्जासंस्थेचं पुढचं शिक्षण पुरं करून म्हणते, की मला तीन वर्षं संशोधन करायचं आहे. घरातले विचारतात, दवाखाना कधी टाकणार? बरोबरच्या मुलांनी गाड्या घेतल्या, फ्लॅट घेतले. संशोधनात पैसा कमी हे खरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कर्ज काढून शिकवलं असेल, तर हा प्रश्न गैर नाही. पण निदान तिला अर्ज तरी भरू द्या. अधिछात्रवृत्तीत पगारासारखी दरमहा रक्कम असते आणि कामाचा खर्च वेगळा मिळतो, हे पुष्कळ घरांत माहीतच नसतं. सासूबाईंना सांगायला ते उपयोगी पडतं.

अर्ज भरायला वेळ लागतो, पंधरा दिवसांत उरकणारं ते काम नाही. नेमका प्रश्न कोणता, हे चार वाक्यांत लिहिता यायला हवं. "मेंदूच्या विकारांचा अभ्यास" असं लिहून भागत नाही, "कंद किती रात्री भिजवतात आणि कुणाचे पाय आखडतात" इतकं नेमकं हवं. मार्गदर्शकांची पत्रं लागतात. माणसांवर अभ्यास करायचा तर संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते, आणि तिची बैठक आपल्या सोयीनं भरत नाही. खर्चाचा तक्ता लागतो. तो करताना वाणसामानाची यादी करणाऱ्या बाईला शेजारी बसवलं तर जीपचं डिझेल आणि दुभाष्याचा चहा सुटायचा नाही. आणि वेळ मोकळा ठेवण्याचं संस्थेचं पत्र सगळ्यांत आधी मागून घ्यावं. विभागप्रमुखांची सही शेवटच्या आठवड्यावर ठेवली, की नेमके तेव्हा ते परिषदेला गेलेले असतात.